कुणाच्या बाजूचा गडी?

दिवाळीची सुट्टी लागते त्या दिवशी आश्रमशाळेच्या अधीक्षकांना एक नोंद ठेवावी लागते: कोणतं मूल कुणाच्या हाती सोपवलं. बहुतेक मुलांच्या बाबतीत हे काम एका सहीचं किंवा अंगठ्याचं असतं. आई येते, बाप येतो, नाहीतर काका. पत्र्याची पेटी उचलायची आणि एसटी किंवा जीप गाठायची. काही नावांपाशी मात्र पेन अडतं. समजा, बाप मोखाड्याकडच्या एका पाड्यावर आहे, आई विक्रमगडला भावाकडे आहे आणि दोघांचं बोलणं बंद आहे. "तू कुणाकडं जातोस?" असं विचारलं की अकरा वर्षांचं पोर पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहतं आणि थोड्या वेळानं एक नाव सांगतं. ज्या माणसाकडे जावंसं वाटतं त्याचंच ते नाव असेल, असं नाही. ज्याच्याकडे गेल्यानं भांडण कमी होईल, त्याचं ते बहुधा असतं.

एवढ्या लहान वयात असा हिशेब करावा लागणाऱ्या मुलांविषयी हे प्रकरण आहे. त्यांच्यासाठी सुचवायचा उपाय ऐकायला फारच साधा वाटेल: पाड्यावरचं, शाळेमागचं, वीटभट्टीशेजारचं खेळाचं मैदान. हा उपाय का लागू पडतो, कुठवर लागू पडतो आणि कुठे मुळीच लागू पडत नाही, ते क्रमानं पाहू.

मूल साक्षीदार होतं तेव्हा

आईबाप वेगळे झाले की मूल मोडतंच, ही समजूत अर्धीच खरी आहे. अभ्यासकांना पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट अशी की वेगळं होण्यापेक्षा, वेगळं झाल्यावरही न मिटणारं भांडण मुलाला जास्त पोखरतं. त्या भांडणात मुलाला कामं लावली जातात. ते निरोप्या होतं: "तुझ्या बापाला सांग, पैसे धाड." ते हेर होतं: "तिकडं कोण येतं-जातं?" आणि शेवटी ते पंच होतं: "तूच सांग, चूक कुणाची?" हंगेरीत जन्मलेले अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ इव्हान बोसोर्मेनी-नॉज यांनी मुलाच्या या अवस्थेला विभागलेली निष्ठा म्हटलं. एकाशी इमान राखायचं तर दुसऱ्याशी बेइमान व्हावंच लागतं, अशी ही कोंडी.

काही मुलं या कोंडीतून सुटायला एक बाजूच पुसून टाकतात. आई वाईट, मग आईकडची आजी वाईट, तिच्या हातची भाकरीही वाईट. कारण विचारलं की घरातल्या मोठ्यांची वाक्यं त्याच शब्दांत, त्याच सुरात बाहेर पडतात. १९८५ साली रिचर्ड गार्डनर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं या प्रकाराला एका विकाराचं नाव दिलं. एक पालक मुलाचे कान भरतो आणि मूल दुसऱ्या पालकाला विनाकारण झिडकारतं, अशी त्याची मांडणी होती. मराठीत आपण त्याला पालक-दुरावा म्हणू.

ही मांडणी कोर्टांत झपाट्यानं पसरली आणि तितक्याच जोरानं वादातही सापडली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली विकारांची जी नवी यादी काढली, तीत या विकाराला जागा मिळाली नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही आपल्या वर्गीकरणाच्या सूचीतून हा शब्द २०२० साली काढून टाकला. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक रीम अलसालेम यांनी २०२३ च्या अहवालात आणखी स्पष्ट इशारा दिला: मारहाण करणारा नवराच अनेकदा या शब्दाची ढाल पुढे करतो आणि मुलाची खरीखुरी भीती 'आईनं शिकवलेली' ठरवली जाते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ च्या एका ताबाविषयक निकालात या संकल्पनेचा उल्लेख केला आहे, त्यामुळे भारतातल्या वकिलांनाही ती आता अनोळखी राहिलेली नाही.

या वादात सामान्य वाचकाला धरून चालता येईल असा भेद जोन केली आणि जॅनेट जॉन्स्टन या दोन अभ्यासकांनी २००१ साली मांडला. पालकाला टाळणारी सगळी मुलं एका माळेतली नसतात, असं त्या सांगतात. एखादं मूल एका पालकाकडे साहजिकच जास्त ओढलेलं असतं. एखादं मूल पालकानं मारलं, टाकलं, दारू पिऊन छळलं म्हणून दूर गेलेलं असतं. त्याची पाठ फिरवणं रास्त असतं. आणि एखाद्या मुलानं अनुभवात काहीच नसताना पालकाला तोडलेलं असतं. तिन्ही मुलं बाहेरून सारखीच दिसतात. त्यांच्यातला फरक ओळखणं हे तज्ज्ञांचंही कठीण काम आहे. गावातल्या प्रशिक्षकानं त्यात पडूच नये. आपल्या विषयाच्या दृष्टीनं हे बरंच आहे, कारण तिन्ही मुलांना लागणारी एक गोष्ट समान आहे: जिथे निवड करावी लागत नाही, अशी जागा.

जव्हार-मोखाड्यातला दुरावा

ताब्याच्या कज्जांची चर्चा आपण ऐकतो ती मुंबई-पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयांतली. भेटीचे वार, भेटीची खोली, सुट्टीतली वाटणी, सगळं कागदावर. जव्हार-मोखाड्यात चित्र वेगळं आहे. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याचे हे दोन डोंगरी तालुके. २०११ च्या जनगणनेत जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार होती आणि मोखाड्याची सुमारे ८३ हजार. दहातले नऊजण आदिवासी: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी.

१९५५ चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. लग्न आणि काडीमोड दोन्ही रूढीनं, पंचांसमोर होतात. लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून जोडपी आधी संसार मांडतात आणि पुढे कधीतरी, मुलं झाल्यावरसुद्धा, लग्न लावतात. पालकत्वाचा १८९० चा कायदा सगळ्यांसाठी आहे, पण त्याच्या दाराशी जाण्याइतका वेळ आणि पैसा इथे क्वचितच कुणाकडे असतो. मूल कुणाकडे राहील हे बैठकीत, रोजीच्या सोयीनं आणि आजा-आजीच्या अंगातल्या ताकदीवर ठरतं. दुसऱ्या पालकानं मुलाला भेटू नये असं कुणी म्हणत नाही. त्यानं कधी आणि कसं भेटावं हेही कुणी ठरवत नाही.

त्यात स्थलांतराची भर. पावसाळी भात, नागली, वरई निघाली, दिवाळी झाली, की पाडेच्या पाडे जगायला जातात: भिवंडी, वसई, कल्याण, वाड्याकडच्या वीटभट्ट्यांवर. आधी घेतलेली उचल फेडायची असते. काही मुलं आश्रमशाळेत राहतात, काही आजीपाशी, काही आईबापांबरोबर भट्टीवर जाऊन झापात राहतात. एकत्र नांदणाऱ्या कुटुंबांचीही इथे वर्षातले कित्येक महिने फाटाफूट असते. मग ज्या घरात आधीच भांडण आहे तिथे या गैरहजेरीला अर्थ चिकटवायला वेळ लागत नाही. भट्टीवर गेलेला बाप 'टाकून गेला' होतो. माहेरी गेलेली आई 'पळाली' होते. फोनला रेंज नाही, खुलासा करायला माणूस समोर नाही. काही दिवसांनी घरात त्या माणसाचं नाव घेणंच बंद होतं आणि मूल ते मनातही घेईनासं होतं. शहरात कान भरायला कुणीतरी लागतं. इथे अंतर, हंगाम आणि अबोला मिळून तेच काम करतात.

म्हणून इथल्या मुलाच्या दुराव्याला एकच एक खलनायक असेल असं धरून चालता येत नाही. काही वेळा बाप खरोखरच टाकून गेलेला असतो. काही वेळा तो भट्टीवर उचल फेडत असतो आणि त्याची मुलगी त्याच्यावर रुसलेली असते.

आता एक आक्षेप. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं बालकं दगावली आणि हा भाग देशभर त्या एका कारणानं ओळखला जाऊ लागला. पोटाला नाही तिथं खेळाचं काय घेऊन बसलात, असं कुणीही विचारेल. प्रश्न रास्त आहे. उपाशी मुलाला पळवू नये, हा मैदानाचा पहिला नियम असायला हवा. सरावाआधी किंवा नंतर उकडलेला हरभरा, अंडं, केळं यांतलं काहीतरी हवंच. पण भूक भागली म्हणजे मुलाच्या गरजा संपल्या, असं मानणं हा गरीब मुलांवरचा वेगळा अन्याय आहे. मुंबईच्या मुलाच्या मनाला जी दुखापत होते, ती मोखाड्याच्या मुलालाही होते.

रेषेच्या दोन्ही बाजूंना

खेळानं मुलांचं मन सुधारतं, हे वाक्य इतकं वापरलं गेलं आहे की त्यातून काहीच कळत नाही. खेळाच्या आत नेमकं काय घडतं ते पाहायला आपल्याच मातीतले दोन खेळ घेऊ.

कबड्डीत बाजू दोन असतात, सात-सात गडी असतात आणि मध्ये एक रेषा असते. चढाई करणाऱ्याला तीस सेकंदांत समोरच्या अंगणात जाऊन परत यायचं असतं. दुभंगलेल्या घरातल्या मुलाला हे चित्र ओळखीचं आहे. फरक एवढाच की इथे पलीकडे जाणं हा गुन्हा नाही, तो खेळाचाच भाग आहे आणि परत आल्यावर आपली माणसं पाठ थोपटतात. मध्यंतरानंतर अंगणं बदलतात. आत्ता 'त्यांचं' होतं ते अंगण आता 'आपलं' होतं. उद्या संघ नव्यानं पडले की कालचा प्रतिस्पर्धी आपल्याच साखळीत हात धरून उभा असतो. एका बाजूनं जीव तोडून खेळणं आणि समोरच्याचा द्वेष न करणं, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे मूल इथे अंगानं शिकतं.

कबड्डीचा दुसरा नियम यापेक्षाही मोलाचा आहे. बाद झालेला गडी बाहेर जाऊन बसतो, पण आपल्या संघानं समोरचा एक गडी टिपला की बाद झालेल्यांतला पहिला पुन्हा आत येतो. बोनस गुणानं कुणी परत येत नाही. त्यासाठी सोबत्यांनी कुणाला तरी बाद करावं लागतं. ज्या मुलाच्या घरात एक माणूस कायमचा बाद ठरवला गेला आहे, त्याच्यासमोर रोज संध्याकाळी दहा वेळा बाद झालेला माणूस परत येतो, आणि त्याला परत आणायला बाकीचे धडपडत असतात. यावर कुणी भाषण देण्याची गरज नसते.

खो-खोत आठ गडी एकाआड एक उलट तोंडं करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्याला अध्येमध्ये वळता येत नाही, मागे फिरता येत नाही. दमला, अडला, की बसलेल्याच्या पाठीवर खो द्यायचा आणि त्याच्या जागी आपण बसायचं. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात या खेळाच्या नियमांची घडी बसू लागली आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तरी खेळाचा गाभा तोच राहिला: पाठलाग एकट्यानं पुरा करायचा नसतो. आईचे निरोप बापाला आणि बापाचे आईला पोचवणाऱ्या मुलाला घरात कुणाला खो देता येत नाही. मैदानात येतो.

संशोधनातही सांघिक खेळांच्या बाजूनं पुरावा दिसतो. ऑस्ट्रेलियाच्या रोशेल आयमी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली मुलांच्या खेळावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांना मानसिक आणि सामाजिक फायदा एकट्यानं खेळायच्या खेळांपेक्षा सांघिक खेळांत अधिक आढळला. २०१९ साली अमेरिकेत साडेनऊ हजारांहून अधिक माणसांच्या माहितीवर झालेला अभ्यास आपल्या विषयाच्या जास्त जवळचा आहे. लहानपणी घरात मोठे आघात सोसलेल्यांपैकी जे शाळेत सांघिक खेळ खेळले होते, त्यांच्यात मोठेपणी नैराश्य आणि चिंताविकार कमी आढळले. अशा अभ्यासांतून खेळामुळेच हे घडलं असं सिद्ध होत नाही. जी मुलं आधीच थोडी सावरलेली होती तीच खेळायला गेली, असंही असू शकतं. तरीही खर्च नगण्य आणि धोका सांभाळता येण्याजोगा असताना एवढा पुरावा काम सुरू करायला पुरेसा आहे.

तिसरं मोठं माणूस

हवाई बेटांतल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञेनं चाळीस वर्षं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांची व्यसनं किंवा आजार, अशा ओझ्याखाली वाढलेली मुलं सुमारे एक तृतीयांश होती. त्यांच्यातलीही साधारण तिसरा हिस्सा मुलं चांगली, भरवशाची माणसं झाली. ती वेगळी का निघाली, याच्या उत्तरात एक धागा ठळक होता: आईबापांपलीकडचं कुणीतरी मोठं माणूस त्यांच्या आयुष्यात टिकून होतं. आजी, शिक्षक, शेजारीण, नाहीतर युवक मंडळाचा म्होरक्या.

आपल्या पाड्यांवर हे तिसरं माणूस कोण होऊ शकेल? बाहेरून महिन्यातून एकदा जीपमधून येणारा तज्ज्ञ नव्हे. मुंबईत १९९९ साली मॅथ्यू स्पेसी यांनी सुरू केलेली मॅजिक बस असो, कुलाब्याच्या आंबेडकर नगरातून अशोक राठोड यांनी २००६ साली उभी केलेली ऑस्कर फाउंडेशन असो, की नागपुरात २००१ साली विजय बारसे यांनी सुरू केलेलं झोपडपट्टी फुटबॉल, या तिन्ही कामांतून घेण्यासारखा धडा एकच आहे: वस्तीतल्याच तरुणाला किंवा तरुणीला उभं करा. जव्हार-मोखाड्यात असे तरुण आहेत. आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धांत प्रकल्प पातळीपर्यंत, विभाग पातळीपर्यंत खेळून आलेले, पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारे, भात काढल्यावर कोरड्या खाचरात टेनिस बॉलचे सामने भरवणारे. त्यांना मुलांच्या घरची गोष्ट आधीच ठाऊक असते, हा त्यांचा फायदा. आणि तोच धोकाही, कारण ते कुणाचे तरी भाऊबंद असतात.

म्हणून अशा तरुणाला कबड्डीच्या डावपेचांआधी चार सवयी शिकवाव्या लागतात. पहिली: रोज ठरल्या वेळी येणं. ज्या मुलाच्या आयुष्यात मोठी माणसं न सांगता नाहीशी झाली आहेत, त्याच्यासाठी 'उद्या पाचला' म्हणून खरंच पाचला येणारा माणूस हेच औषध. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी सांगायचं. दुसरी: घरचं खोदून न विचारणं. "आई भेटते का रे?" हा मायेनं विचारलेला प्रश्नही मुलाला पुन्हा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करतो. तिसरी: मूल आपणहून बोललं तर ऐकून घेणं, आणि त्याच्या आईबापांपैकी कुणावरही शेरा न मारणं. मूल बापाला शिव्या देत असेल तरी "बरोबर आहे तुझं" म्हणायचं नाही आणि "बापाला असं बोलू नये" असंही नाही. "तुला फार राग आलाय," एवढं पुरतं. चौथी: निरोप न पोचवणं. आईनं प्रशिक्षकाच्या हाती बापासाठी चिठ्ठी दिली, की मैदानही त्या भांडणात ओढलं गेलं.

मैदानावरच्या चुका

खेळ आपोआप चांगला नसतो. तो कसा चालवला जातो यावर सगळं अवलंबून आहे.

घरात 'माझी बाजू घेतलीस तर तू माझा' हे ऐकणाऱ्या मुलाला मैदानावर 'जिंकलास तर तू आमचा' हे ऐकवलं, तर आपण तोच घाव पुन्हा घातला. हरल्यावर शिव्या, चुकल्यावर उठाबशा, बाकावर बसवून ठेवणं, यांनी हे मूल इतरांपेक्षा लवकर तुटतं. नॉर्वेनं १९८७ पासून मुलांच्या खेळासाठी राष्ट्रीय नियम केले आहेत. अगदी लहान वयात निकालांचे तक्ते नाहीत आणि तेराव्या वर्षापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपदं नाहीत. हिवाळी ऑलिंपिकमध्ये हाच देश पदकांच्या यादीत वरचेवर पहिला असतो, त्यामुळे ढिलाईनं खेळाडू घडत नाहीत ही ओरड तिथे टिकत नाही.

इथे एका नावाची आठवण होणं साहजिक आहे. मोखाड्याच्या हद्दीपलीकडे, नाशिक जिल्ह्यात हरसूलच्या बाजूला सावरपाडा आहे. तिथली कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आली. या डोंगरातल्या मुलींसाठी हे नाव मोठं बळ आहे. पण आपल्या कामाचं माप ते नव्हे. पदकाकडे नजर लागली की प्रशिक्षक चपळ मुलांभोवती राहतो, आणि कोपऱ्यात मुकाट बसणारं, पास चुकवणारं, चार दिवस येऊन आठवडाभर न फिरकणारं मूल हातचं जातं. आपण ज्याच्यासाठी खटाटोप करतोय ते बहुधा हेच मूल असतं.

आणखी गंभीर धोका छळाचा. एकाकी मूल मायेच्या शब्दाला भुकेलं असतं, हे वाईट हेतूच्या माणसाला चांगलं कळतं. म्हणून एकट्या मुलाला घेऊन एकटा प्रशिक्षक कुठेही जाणार नाही, मुलींच्या सरावाला एक बाई हजर असेल, अंधार पडायच्या आत सराव संपेल आणि मुली घोळक्यानं परततील, हे नियम लिहून ठेवावेत. लैंगिक छळाची शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. 'घरातली गोष्ट' म्हणून ती पंचांकडे न्यायची नाही. मुलाच्या अंगावर वळ दिसले, ते एखाद्या माणसाच्या नावानं थरथरायला लागलं, तर मदतीचा क्रमांक १०९८ आणि जिल्ह्याची बालकल्याण समिती. अशा मुलाला 'तुझा बापच आहे, जा बोल त्याच्याशी' म्हणून मैदानात समेट घडवायला जाणं हा घोर अपराध होईल. त्याची भीती आधी खरी धरायची.

वर्षाचं वेळापत्रक

हे सगळं जव्हार-मोखाड्यात बसवायचं तर शहरातल्या अकादमीचं वेळापत्रक कामाचं नाही. इथलं वर्ष पाऊस आणि भट्टी यांच्यावर चालतं.

जूनमध्ये नावं नोंदवताना अर्जावर आई आणि बाप दोघांची नावं आणि दोघांचे फोन घ्यावेत, दोघे कुठेही राहत असोत. एक जागा रिकामी राहिली तर राहू द्यावी. ती खोडू नये. तिसरी ओळ मुलाच्या पसंतीच्या माणसासाठी असावी: आजी, मावशी, मोठी बहीण. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस कोसळत असतो आणि आवणीत मुलांचेही हात गुंतलेले असतात. तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात लंगडी, दोरीउड्या, जोर-बैठका, आठवड्यातून दोन दिवस पुरेत. पाऊस ओसरला की सपाट जागेचा शोध सुरू होतो, कारण डोंगरउतारावर ती दुर्मीळ आहे. कापणीनंतर खाचरं मोकळी झाली की तो प्रश्न सुटतो.

नेमकी तेव्हाच मुलं जायला लागतात. दिवाळीनंतर संघातले तीन गडी भट्टीवर गेले तर त्यांची नावं खोडायची नाहीत. यादीत राहू द्यायची आणि जाताना त्यांना सांगायचं: तुझी जागा तुझीच. स्थलांतरित मुलांसाठी शासनाचं शिक्षण हमी पत्रक असतं. ते दाखवून मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसू शकतं. त्याच धर्तीवर पाड्यांवर खेळ चालवणाऱ्या मंडळांनी आपापसांत फोन करून त्या गावातल्या एखाद्या खेळणाऱ्या तरुणाला मुलाची माहिती द्यावी. वसई परिसरात विधायक संसदेनं वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या, तेव्हा शाळा मुलांच्या मागे जाऊ शकते हे दिसलं. शाळा जाऊ शकते, तर एक चेंडू आणि चुन्याच्या चार रेषाही जाऊ शकतात.

आश्रमशाळांच्या स्पर्धा बहुधा हिवाळ्यात असतात, म्हणजे आईबाप जगायला गेलेले असताना. आपलं मूल कसं खेळतं हे त्यांतल्या अनेकांनी कधी पाहिलेलंच नसतं. म्हणून पाड्यांच्या मंडळांनी वर्षाचा मोठा सामना शिमग्याला धरावा. होळीला भट्टीवरची माणसं दोन-चार दिवसांसाठी का होईना गावी येतात. तुटलेली माणसंही येतात. दोघांनाही वेगवेगळं, एकाच शब्दांत बोलावणं धाडावं. दोघं एकमेकांशेजारी बसणार नाहीत, न बसू देत. मैदानाला चार बाजू असतात. भांडण करणाऱ्याला बाहेर काढायचा अधिकार सामन्याच्या पंचाचा, मग भांडणारा सरपंच का असेना. पोरगं चढाईला गेल्यावर दोन कोपऱ्यांतून दोन ओरडे आले आणि दोन्ही त्याच्याच नावाचे असले, तर त्या पाच मिनिटांपुरती त्याला कुणाचीही बाजू निवडावी लागलेली नसते. ज्याच्यापासून मुलाला धोका आहे, त्याला मात्र हे बोलावणं नाही.

खर्चाची बाजू थोडक्यात. चुना, दोर, दोन चेंडू, खो-खोचे दोन खांब, औषधपेटी, खाऊ, आणि प्रशिक्षकाला ठरलेलं मानधन. यातली शेवटची गोष्ट टाळली की बाकीच्या निरुपयोगी ठरतात, कारण फुकट राबणारा तरुण दिवाळीनंतर स्वतःच भट्टीवर निघून जातो. ग्रामसभेनं हे मानधन वर्षाच्या आराखड्यात मागावं. एकट्या आईकडे किंवा आजीकडे वाढणाऱ्या मुलाला राज्याच्या बालसंगोपन योजनेतून मदत मिळू शकते. प्रशिक्षकाला ही माहिती असली, तर तो अंगणवाडीताईंच्या मदतीनं अर्जाची वाट दाखवू शकतो.

उपयोग झाला हे ओळखायचं कसं? ढालींवरून नाही कळणार. हजेरीच्या वहीत तीन गोष्टी पाहायच्या. भट्टीवरून परतल्यावर मूल किती दिवसांत मैदानावर आलं. बाद झाल्यावर ते अजून घरी निघून जातं का, की बाहेर बसून आपली पाळी यायची वाट पाहतं. आणि पुढच्या जूनमध्ये अर्ज भरताना गेल्या वर्षी रिकामी राहिलेली जागा त्यानं स्वतःहून भरली का. नाही भरली, तरी त्याचं नाव यादीत राहतं. संघात घेण्यासाठी ती जागा भरण्याची अट कधीच ठेवायची नाही.